मोजणी बरोबर आहे, पण खातं सापडत नाही

पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेतल्यासारखा विमा नसतो. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाख होती. जिल्हा बँक, नागरी सहकारी बँक, सगळे त्यात येतात. पतसंस्था येत नाही. तरीही वऱ्हाडातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी जा, पतसंस्थेच्या काउंटरवर गर्दी दिसेल. भाजी विकणाऱ्या बाया, किराणावाले, रिटायर झालेले मास्तर. रोज पन्नास-शंभर रुपये गोळा करणारा एजंट दुकानात येतो, चहा घेतो, फॉर्मही तोच भरून देतो. त्याच्या बापाला आपण ओळखत असतो. एवढ्या ओळखीवर माणसं पोरीच्या लग्नाचे पैसे ठेवतात.

या पैशांचा पुरावा म्हणजे दोनच गोष्टी. एक पासबुक आणि एक मशीनमधली नोंद. त्यातल्या मशीनची देखभाल मी करते.

मी अमरावतीत राहते. पाच-सहा संस्थांचे सर्व्हर सांभाळणं हा माझा धंदा आहे. त्यात दोन दवाखाने आहेत, एक शाळा आहे आणि ही पतसंस्था. तिचं नाव सांगत नाही. मुख्य कार्यालय अमरावतीत, सात शाखा, आणि अकोल्याच्या शाखेत दुसऱ्या मजल्यावर एका छोट्या खोलीत बॅकअप सर्व्हर. अमरावतीत जे काही घडतं, म्हणजे कोणी पैसे भरले, कोणी काढले, कोणाचं व्याज जमा झालं, त्याची नोंद काही सेकंदांत अकोल्याच्या मशीनवर उमटते. हुबेहूब, बाइटला बाइट.

अकोलाच का, तर शंभरेक किलोमीटर लांब आहे म्हणून. एका शहरात काही झालं तर दुसरं उभं राहावं. हे कागदावर लिहायला सोपं असतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दंगल झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं, तेव्हा ते मी खरंखुरं पाहिलं. अकोल्याची प्रत १३ तारखेला जिथे थांबली तिथेच थांबून राहिली. इकडे अमरावतीच्या डिस्कवर तिच्यासाठीच्या नोंदी साचत गेल्या, कारण ‘अकोल्याने घेतलं’ असं कळेपर्यंत मुख्य मशीन त्या पुसत नाही. डिस्क भरली असती तर मुख्य मशीनही बसलं असतं. ते झालं नाही, कारण संचारबंदीत पैसे भरायला येणार कोण? दुसरा मजला घेतला त्याचंही कारण आहे. त्याच वर्षी जुलैत मोर्णेला पूर आला आणि अकोल्यातल्या कितीतरी दुकानांच्या तळमजल्यात पाणी शिरलं होतं.

तर २०२४ च्या उन्हाळ्यात ही दोन्ही मशीनं बदलायची होती. २०१४ साली घेतलेली, फिरत्या डिस्कची, पंखे खरखरणारी मशीनं. नवी दोन आली होती, खोक्यातच होती. पण नुसती मशीनं बदलून भागणार नव्हतं. जुन्यांवर सेंट ओएस ७ होती आणि तिचा आधार ३० जून २०२४ ला संपणार होता, म्हणजे त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद. तिच्यावर चालणारा डेटाबेस पोस्टग्रेस ११, त्याचा आधार आधीच्या नोव्हेंबरातच संपलेला. नव्या मशीनवर अल्मालिनक्स ९ आणि पोस्टग्रेस १६. म्हणजे घर, जमीन आणि त्यातलं कपाट एकदमच बदलायचं. आमच्या धंद्यात एका वेळी एकच गोष्ट बदलावी असं सगळेच सांगतात, आणि दहा वर्षं पैसे न सोडणारी संचालक मंडळं तिन्ही गोष्टी एकदम बदलायला लावतात.

मी म्हटलं, आधी अकोल्याला करून पाहू. तिथलं नवं मशीन लावू, प्रत त्याच्यावर नेऊ, अपग्रेड करू, आठवडाभर ठोकून बघू, मग अमरावती. सचिवांना ते पटेना. ते वाईट माणूस नाहीत. त्यांचं म्हणणं असं : “मॅडम, मशीनची वॉरंटी सुरू झाली ना. अमरावतीचं आधी करून टाका एका रविवारी. काही झालंच तर अकोल्याची कॉपी आहेच आपल्याकडे. बॅकअप कशासाठी असतो?”

प्रश्न बिनतोड वाटतो. त्यात एकच गृहीत धरलेलं असतं, की बॅकअप चालतो.

त्यांना मी गिटलॅबची गोष्ट सांगितली. जगभरचे प्रोग्रामर आपलं काम ठेवतात अशा साइटपैकी ही एक. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या इंजिनिअरने चुकीच्या मशीनवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं. लक्षात येईपर्यंत ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. हरकत नाही, त्यांच्याकडे बॅकअप घ्यायच्या एक सोडून अनेक पद्धती होत्या. एकेक उघडत गेले आणि एकेक रिकामी निघत गेली. रोजची प्रत काढणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा, डेटाबेस नव्या आवृत्तीचा, त्यामुळे तो रोज गुपचूप नापास होत होता. नापास झाल्याचे ईमेल जात होते, पण तेही पोचत नव्हते. शेवटी एकाने योगायोगाने सहा तास आधी हाताने काढून ठेवलेली प्रत कामी आली. सहा तासांचं काम कायमचं गेलं. कंपनीने हे लपवलं नाही. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. मला त्यांच्याबद्दल त्या दिवसापासून आदर आहे.

सचिव म्हणाले, “ते अमेरिकेचं झालं.”

मग मुंबईचं सांगितलं. २४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबला आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाला. त्यांच्याकडे दुसऱ्या शहरात तयार पर्यायी केंद्र होतं. तरी त्या दिवशी बाजार तिकडे हलवला नाही. असलेला पर्याय आणि वापरता येणारा पर्याय यांत फरक असतो हे त्यावरून साऱ्या देशाला दिसलं. पुढे २ मार्च २०२४ ला, शनिवारी, सुट्टीच्या दिवशी मुद्दाम बाजार भरवला. सकाळी पाऊण तास नेहमीच्या केंद्रावरून आणि साडेअकरापासून तासभर पर्यायी केंद्रावरून. खरे सौदे, खरे पैसे. १८ मेच्या शनिवारी परत तसंच. सचिवांचे स्वतःचे थोडे शेअर आहेत, त्यामुळे हे त्यांना आठवत होतं. “ठीक आहे,” म्हणाले, “पण जूनच्या आत.”

तुम्ही हे फोनवर वाचत असाल. त्या फोनच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप रोज रात्री दोनला जातो, हिरवी खूण दिसते. तो कधी परत उतरवून पाहिलाय? बहुतेकांनी नवा फोन घेतला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलेला असतो. पासवर्ड लावून बॅकअप कुलूपबंद केलेला असेल तर तो पासवर्ड त्याच दिवशी पहिल्यांदा आठवायचा असतो.

शनिवारी, २५ मेला, मी अकोल्याला गेले. डेटा एका बाहेरच्या डिस्कवर घेऊन, टॉवेलात गुंडाळून, डब्याच्या पिशवीत. १८० जीबी त्या लाइनवरून पाठवायचे तर दिवस लागला असता, एसटीने अडीच तासांत पोचले. अकोल्यातल्या प्रतीवरून उतरवणं सोपं होतं, पण मला मुख्य मशीनची स्वतंत्र प्रतही जवळ हवी होती. हा तोच रस्ता, ज्याच्यावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता खरंच गुळगुळीत आहे. गाडी मूर्तिजापूरला थांबायची तेवढी थांबतेच.

त्याच दिवशी अकोल्यात उन्हामुळे कलम १४४ लागलं, ३१ मेपर्यंत. उन्हामुळे जमावबंदी, हे वाक्य मी आधी कधी ऐकलं नव्हतं. कामगारांना पाणी-सावली द्यायची, क्लासच्या वेळा बदलायच्या असे हुकूम होते. सर्व्हरच्या खोलीतला एसी रडतखडत चालत होता. नव्या मशीनचे पंखे विमानासारखे सुटले. मला ते बरंच वाटलं. अकोल्याच्या मे महिन्यात जे टिकेल ते बाकी वर्षभर टिकेल.

शाखेत दुपारनंतर काउंटर बंद झालं. काकू तेवढ्या थांबल्या. त्या तिथल्या कॅशियर, वीस-बावीस वर्षांपासूनच्या. खातेवह्या हाताने लिहायच्या तेव्हापासूनच्या. मला त्यांनी माठातलं पाणी दिलं आणि म्हणाल्या, “तुमचं चालू द्या बाई, मी पंख्याखाली बसतो. उन उतरलं की जाईन.”

काम असं होतं. जुनी प्रत थोडा वेळ थांबवायची, तिचं अख्खं फोल्डर नव्या मशीनवर उतरवायचं, जुनी परत सुरू करायची. मग नव्या मशीनवर त्या फोल्डरला पोस्टग्रेस ११ मधून १६ मध्ये न्यायचं. यासाठी पोस्टग्रेससोबत एक तयार प्रोग्राम येतो. तो आधी नुसती तपासणीही करून देतो. सगळं जुळतं की नाही ते सांगतो. त्याने सांगितलं, जुळतंय. मग खरं अपग्रेड. तेही झालं, एकही लाल ओळ नाही. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून व्हिडिओवर होता. त्याने त्याची तपासणी चालवली. खात्यांची मोजणी, जुन्यात आणि नव्यात एकच. ठेवींची बेरीज, पैशापर्यंत एकच. त्याच्याकडे वीस नमुना खाती होती, ती उघडून पाहिली. वीसही बरोबर.

“क्लियर आहे सगळं,” तो म्हणाला. “अमरावतीला हेच रिपीट करू उद्याच. रविवारच आहे.”

मी डिस्क गुंडाळायला घेतली होती. काकूंनी पर्समधून पासबुक काढलं. प्लॅस्टिकच्या कव्हरात, कोपरे मऊ झालेलं.

“माहं खातं पाह्य बरं त्याच्यात. नव्यात कसं दिसते ते.”

त्यांनी नंबर वाचला. मी टाकला. खातं सापडलं नाही.

परत टाकला. नाही. जुन्या मशीनवर टाकला, लगेच आलं. नाव, शिल्लक, शेवटचा व्यवहार. नव्यावर नाही. मी सगळ्या खात्यांची यादी काढली आणि डोळ्यांनी शोधत गेले. खातं होतं. त्याच नंबराचं, त्याच नावाचं, शिल्लक पैशापर्यंत बरोबर. यादीत होतं, आणि विचारलं की नव्हतं.

काकू माझ्या खांद्यावरून बघत होत्या. “हाये तं दिसत काहून नाई?”

मला तेव्हा लगेच उत्तर देता आलं नाही. आता देते, कारण या धंद्यात नसलेल्यालाही ते कळू शकतं, आणि मला वाटतं कळायला हवं.

लाखो नोंदींतून एक शोधायची तर मशीन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत बसत नाही. त्याच्याकडे क्रमाने लावलेली सूची असते. आपण शब्दकोश उघडतो तसंच. मधलं पान उघडायचं, आपला शब्द अलीकडे की पलीकडे ते ठरवायचं, अर्धा कोश सोडून द्यायचा, उरलेल्यात परत मध्य. दहा-पंधरा वेळा असं केलं की शब्द हाती येतो. या सगळ्याचा भरवसा एकाच गोष्टीवर असतो : ज्याने कोश लावला आणि जो शोधतोय, त्या दोघांचा क्रम एकच हवा. ‘क्ष’ शोधायचाय. शाळेच्या तक्त्यात तो शेवटी असतो, ‘ळ’च्या नंतर. पण काही शब्दकोशांत तो ‘क’च्या पोटात असतो, कारण क अधिक ष. तक्ता पाठ असलेला पोरगा तसा कोश घेऊन बसला तर शेवटची पानं चाळेल आणि सांगेल, ‘क्षमा’ हा शब्द यात नाही. शब्द असतो. पान फाटलेलं नसतं. शब्दांची मोजणी केली तर पूर्ण भरते.

आमच्या मशीनचं हेच झालं होतं. अक्षरांचा आणि आकड्यांचा क्रम पोस्टग्रेस सहसा स्वतः ठरवत नाही, तो ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो. लिनक्समध्ये ते काम ग्लिबसी नावाच्या मूळ लायब्ररीकडे असतं. तिच्या २.२८ या आवृत्तीत, म्हणजे २०१८ मध्ये, जगभरच्या लिप्यांचा क्रम नव्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे लावला गेला. चांगल्या हेतूने, आणि बहुतेकांना पत्ताही लागला नाही. जुन्या क्रमात आडवी रेघ जवळजवळ मोजायचीच नाही असा नियम होता, त्यामुळे ‘१-१’ हा ‘११’च्या शेजारी बसायचा, आणि त्याच्या मागे. नव्यात रेघ मोजली जाते आणि ती आकड्यांच्या आधी येते, म्हणून ‘१-१’ पुढे गेला. सेंट ओएस ७ जुन्या बाजूची. अल्मालिनक्स ९ नव्या बाजूची. आम्ही सूची जुन्या क्रमाने लावलेली आणली आणि तिच्यात नव्या क्रमाने शोधत होतो.

आणि आमच्या शाखांचे खाते नंबर? अमरावतीचे सरळ : ३१७, ४०५२. शाखांचे, खातेवह्या कॉम्प्युटरवर चढवताना कोणीतरी ठरवलेले : शाखा, आडवी रेघ, खातं. ३-१७. इंजिनिअरकडची वीसही नमुना खाती मुख्य कार्यालयाची होती. एकातही रेघ नव्हती. त्याने काही खोटं केलं नाही. त्याला अमरावतीने यादी दिली, अमरावतीने अमरावतीची दिली.

अपग्रेडचा प्रोग्राम याबद्दल चकार शब्द काढत नाही, हे मला जास्त खटकतं. पोस्टग्रेस ११ ही माहिती टिपूनच ठेवत नव्हता, की आपली सूची कोणत्या क्रमाच्या आवृत्तीवर लावलीय. पुढच्या आवृत्त्या टिपतात, पण ११ मधून थेट आलेल्या डेटाबेसवर १६ ने आजचीच तारीख टाकली आणि समाधान मानलं. इशारा नाही, लाल ओळ नाही. यादी बरोबर, बेरीज बरोबर.

समजा हे रविवारी अमरावतीला केलं असतं. सोमवारी सकाळी दहाला मूर्तिजापूरच्या, दर्यापूरच्या काउंटरवर बाई उभी आहे, एफडी मोडायला, पोराची फी भरायला. नंबर टाकला, ‘खातं सापडलं नाही’. पतसंस्थेत हे वाक्य एकदा मोठ्याने उच्चारलं की दुपारपर्यंत बाजारात फिरतं आणि संध्याकाळी दारासमोर रांग लागते. आणि यापेक्षाही वाईट एक गोष्ट होती. काउंटरवरच्या पोराने ‘नाही’ म्हणून तेच खातं नव्याने उघडलं असतं, तर मशीनने ते उघडू दिलं असतं. एका नंबराची दोन खाती होऊ नयेत यासाठीची तपासणीसुद्धा त्याच सूचीतून होते. मग काही व्यवहार या खात्यात, काही त्या. आठवड्याभराने ते सोडवत बसा. तोवर अकोल्याच्या बॅकअपवरही तेच सगळं बाइटला बाइट उमटलेलं असतं. त्याचं कामच ते आहे.

सचिवांचं ‘काही झालंच तर अकोल्याची कॉपी आहेच’ मला त्या खोलीत आठवलं. मी त्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पैसे तर सुरक्षित आहेत ना?” मी म्हटलं, “पैसे आहेत. कोणाचे आहेत ते सांगता येत नाहीये.” ते बराच वेळ गप्प होते.

उपाय अवघड नव्हता. सगळ्या सूच्या मोडून नव्या क्रमाने पुन्हा लावायच्या. पोस्टग्रेसमध्ये ती एका ओळीची आज्ञा आहे. आधी पोस्टग्रेससोबतच येणाऱ्या ॲमचेक नावाच्या हत्याराने प्रत्येक सूची तपासली, तेव्हा कोणकोणत्या बिघडल्यात ते दिसलं. अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर, शाखांच्या जवळपास सगळ्या सूच्या. मग रीइंडेक्स. वीस मिनिटं. काकूंचा नंबर टाकला, खातं आलं. त्यांनी चष्मा लावून स्वतः वाचलं, पासबुकाशी ताडून पाहिलं आणि पासबुक परत कव्हरात घातलं. “आता मूर्तिजापूरचं एक पाह्य,” म्हणाल्या, “माहा भाऊ हाये तिथी. नंबर पाठ हाये मले.” तो पाहिला. मग दर्यापूरचं. साडेआठ वाजले. उन केव्हाच उतरलं होतं.

खऱ्या दिवसासाठी मी रस्ताच बदलायला लावला. फोल्डर उचलून न्यायचंच नाही. जुन्या डेटाबेसमधून सगळ्या नोंदी बाहेर लिहून काढायच्या आणि नव्यात पहिल्यापासून भरायच्या, म्हणजे सूच्या आपोआप नव्या क्रमाने लागतात. वेळ जास्त लागतो, पण १८० जीबीला एक रविवार पुरतो. खाते नंबराच्या रकान्यापुरता क्रमही बदलला. तिथे आता भाषेचे नियम लावायचेच नाहीत, नुसते कोड ताडायचे. नंबराला कसलं आलंय व्याकरण?

माझे वडील नांदगाव खंडेश्वरकडे सोयाबीन पेरतात, घरचं बियाणं ठेवून. मेमध्ये आमच्या ओसरीत ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडलेले असतात. गुंडाळायचे, पाणी शिंपडत राहायचं, चार-पाच दिवसांनी उघडून मोजायचं. सत्तरच्या वर उगवले तर एकरी ३० किलो. कमी उगवले तर पेरताना जास्त धरायचं, फारच कमी असतील तर ते बियाणं खायला काढायचं. २०२० च्या खरिपात महाराष्ट्रात विकतचं सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी झाल्या, तेव्हापासून ते विकतच्या पिशवीतलेही शंभर दाणे मांडतात. पिशवीवर छापलेला आकडा वाचून ते हसतात. त्यांना मी अकोल्याचं सांगितलं तर म्हणाले, “तुमच्या त्या पोट्ट्यानं दाणे एकाच पोत्यातून काढले.” मला तीन परिच्छेद लागले ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मात्र एक फरक आहे. दाणा उगवला की नाही हे डोळ्याला दिसतं. आमच्याकडे उगवलेला दाणाही, बरोबर विचारलं नाही तर, दिसत नाही.

या सगळ्यात जे पासबुक पर्समधून निघालं, तेच बंद करायचं ठरत होतं. नव्या मशीनसोबत मोबाइल ॲप येणार होतं, छपाईचा खर्च वाचणार होता, सगळ्या संस्था तसंच करतात. मला स्वतःला ॲप आवडतं. माझं बँकेचं पासबुक कुठे आहे मला माहीत नाही. पण मशीनशी काहीही संबंध नसलेली, मशीनपासून लांब, गोदरेजच्या कपाटात, पत्र्याच्या पेटीत, उशीच्या खोळीत ठेवलेली हजारो प्रतींची प्रत म्हणजे पासबुक. ॲप आपल्याला तेच दाखवतं जे सर्व्हरला दिसतं. त्या शनिवारी काकूंनी पासबुकाऐवजी ॲप उघडलं असतं तर त्यातही ‘खातं सापडलं नाही’ एवढंच आलं असतं, आणि मग ते खातं होतं हे सांगायला त्यांच्याजवळ काय राहिलं असतं? संचालक मंडळासमोर मी हेच बोलले. पासबुक ठेवा असं म्हणणारी, त्या खोलीतली सगळ्यात लहान वयाची मीच होते. पांढऱ्या केसांच्या दोघांना डिजिटल व्हायची घाई होती. शेवटी तडजोड झाली. ज्यांना हवं त्यांना छापून मिळेल, आणि मुदत ठेवीवाल्यांना वर्षातून एकदा न मागता.

रविवारी, २३ जूनला, अमरावतीचं काम झालं. पाऊस सुरू झाला होता, राजकमल चौकात पाणी साचलेलं. सकाळी सातला सुरू केलं, दुपारी दोनला भरणा संपला, चारपर्यंत सूच्या तपासून झाल्या. मग सातही शाखांतून एकेक माणूस फोनवर, प्रत्येकाच्या हातात तीन-चार खरी पासबुकं. ते नंबर वाचणार, मी टाकणार, आलेली शिल्लक त्यांना वाचून दाखवणार. सगळी सापडली. सचिवांनी गिला वडा मागवला आणि स्वतः सगळ्यात जास्त खाल्ला.

तेव्हापासून दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी अकोल्याचा बॅकअप वेगळ्या मशीनवर उतरवून, चालू करून, त्यात खाती शोधतो. कोणती, ते शाखा ठरवतात, मी नाही आणि कंपनीही नाही. कोणीही पैसे भरायला आलेला माणूस, ज्याची हरकत नाही, त्याचं पासबुक. काकू एका वहीत लिहून ठेवायच्या : तारीख, नंबर, सापडलं. तेवढंच, नाव-शिल्लक काही नाही. पुढच्या वर्षी त्या रिटायर झाल्या. त्यांच्या जागेवर आता पातूरकडचा एक पोरगा आहे, बी.कॉम. झालेला. वही त्याने तशीच चालू ठेवलीय. पहिल्या महिन्यात तो नंबर भराभर वाचायचा, रेघ गाळून, तीनशे सतरा, आणि मी अमरावतीचं भलतंच खातं उघडायचे. आता फोनवर नंबर सांगताना तो प्रत्येक वेळी थांबतो. तीन. आडवी रेघ. सतरा.